विरोध कोठे नोंदला गेला?

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक १० जुलै २०२५ रोजी विधानसभेत आवाजी मतदानाने संमत झाले. जुलै २०२४ मध्ये ते प्रथम मांडले गेले, तेव्हापासून वर्षभर त्याच्याविरुद्ध राज्यात सभा झाल्या, मोर्चे निघाले, तहसील कचेऱ्यांवर निवेदने दिली गेली. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या. एखादी संघटना बेकायदा ठरविण्याचा अधिकार सरकारच्या हाती देणारा, तिच्या सभासदाला व तिला मदत करणाऱ्याला अजामीनपात्र गुन्ह्यात गोवणारा आणि सात वर्षांपर्यंतचा तुरुंगवास सांगणारा हा कायदा. धरणग्रस्तांची, आदिवासींची, असंघटित कामगारांची संघटना बांधणाऱ्या कार्यकर्त्याला त्याची झळ सर्वांत आधी लागण्याची भीती होती, आणि म्हणूनच एवढ्या हरकती आल्या होत्या.

अशा विधेयकावर सभागृहात काय घडले? विरोधी बाकांवरील काही सदस्यांनी शंका विचारल्या, खुलासे मागितले. निःसंदिग्ध विरोध नोंदविला तो मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे डहाणूचे आमदार विनोद निकोले यांनी, एकट्यांनी. मतविभागणी झाली नाही. त्याआधी संयुक्त समितीत विरोधी पक्षांचे ज्येष्ठ नेते बसले होते. त्या समितीच्या अहवालालाही असहमतीची टिपणी जोडली गेली नव्हती, आणि मुख्यमंत्र्यांनी सभागृहात नेमके त्याच गोष्टीवर बोट ठेवले. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. समाजमाध्यमांवर मात्र निषेधाचे संदेश, चित्रफिती आणि लोकशाहीच्या हत्येची चित्रे फिरू लागली होती. ज्या कार्यकर्त्यांनी वर्षभर उन्हातान्हात सह्या गोळा केल्या, त्यांच्याच भ्रमणध्वनीवर ती येऊन पडली, आणि पुढे पाठविण्याचे कामही त्यांच्याकडेच आले.

विरोधकांचे संख्याबळ तुटपुंजे होते, हे खरेच आहे. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत महाविकास आघाडीच्या तीन प्रमुख पक्षांना मिळून २८८ पैकी ४६ जागा मिळाल्या. विधेयक पाडणे त्यांना शक्य नव्हते, तशी अपेक्षाही कोणी केली नव्हती. परंतु ४६ माणसांना विधेयक पाडता येत नाही म्हणून त्यांना दुसरे काहीच करता येत नाही, असे थोडेच आहे? विभागणी मागावी, उभे राहावे, नाव लिहून घ्यावयास लावावे, एवढे एक काम अल्पमताच्या हाती नेहमीच असते. ते झाले असते तर सेहेचाळीस नावे दफ्तरात राहिली असती. आज तेथे 'होयचे बहुमत' एवढेच आहे.

या ठिकाणी सभागृहातील मतदानाची रीत जरा बारकाईने पाहावयास हवी, कारण सामान्य कार्यकर्त्याला ती क्वचितच कोणी समजावून सांगते. पीठासीन अधिकारी प्रस्ताव मताला टाकतात. अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावयाचे, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही'. आवाजाच्या अंदाजाने निर्णय जाहीर होतो. एखाद्या सदस्याने त्या निर्णयाला हरकत घेऊन विभागणी मागितली तरच प्रत्येक मत मोजले जाते आणि मत देणाऱ्याचे नाव कामकाजात येते. लोकसभेच्या नियमांत आणखी एक पळवाट आहे. विभागणीची मागणी अनावश्यक आहे असे अध्यक्षांना वाटले, तर ते सदस्यांना जागेवर उभे करून नुसती शिरगणती करू शकतात, आणि त्या वेळी नावे नोंदली जात नाहीत. तेव्हा अमुक खासदाराने अमुक कायद्यावर काय मत दिले, या साध्या प्रश्नाचे उत्तर बहुसंख्य कायद्यांच्या बाबतीत मिळतच नाही. ते कोणी दडवून ठेवलेले नसते. ते निर्माणच झालेले नसते.

महाराष्ट्राने याचा लख्ख नमुना १२ नोव्हेंबर २०१४ रोजी पाहिला. विधानसभेत भारतीय जनता पक्षाचे १२२ सदस्य निवडून आले होते, बहुमताला १४५ हवे होते, आणि ४१ सदस्यांच्या राष्ट्रवादी काँग्रेसने निकालाच्या दिवशीच बाहेरून पाठिंबा देऊ केला होता. विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने संमत झाला. शिवसेना व काँग्रेस यांनी विभागणी नाकारली गेल्याची तक्रार केली, गोंधळ झाला, पण सरकार टिकले. राष्ट्रवादीच्या ४१ आमदारांनी त्या दिवशी 'होय' म्हटले, 'नाही' म्हटले की ते गप्प बसले, याचा शोध आज कोणी विधान भवनाच्या ग्रंथालयात बसून घेऊ लागला, तर त्याच्या हाती काहीही लागणार नाही. याच विधानसभेत ३० नोव्हेंबर २०१९ रोजी शिरगणती झाली. ठरावाच्या बाजूने १६९, विरोधात शून्य, कारण भाजपने सभात्याग केला होता; आणि चार सदस्य तटस्थ. ते चौघे कोणत्या पक्षांचे, हे आजही सांगता येते. तटस्थ राहणाऱ्यालाही त्या दिवशी उभे राहून तटस्थता सांगावी लागली.

राज्यसभेत २० सप्टेंबर २०२० रोजी शेतीविषयक विधेयके ज्या रीतीने संमत करून घेतली गेली, ती तर अजून सर्वांच्या स्मरणात असेल. विरोधकांनी विभागणी मागितली; सदस्य आपापल्या जागी नाहीत या कारणास्तव ती नाकारली गेली; आवाजी मतदान झाले आणि दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. त्या वेळी पीठासनावर जयप्रकाशांच्या आंदोलनातून आलेले हरिवंश होते, ही गोष्ट समाजवाद्यांना विशेष बोचणारी आहे. पुढे वर्षभर शेतकरी दिल्लीच्या सीमेवर बसले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ते कायदे मागे घ्यावे लागले. सत्ताधाऱ्यांना त्या दिवशी मते मोजण्याची इतकी धास्ती का वाटली, याचा विचार विरोधी पक्षांनीच अधिक करावयास हवा होता. मोजलेल्या मताला वजन आहे, हे सत्ताधाऱ्यांना नीट कळते.

विरोधकांना ते कळेनासे झाले आहे काय? स्वतंत्र भारतातील पहिला अविश्वासाचा ठराव आचार्य कृपलानींनी ऑगस्ट १९६३ मध्ये मांडला. चीनच्या आक्रमणाचा अपमान ताजा होता, तरी नेहरूंचे बहुमत अभेद्य होते. ठरावाच्या बाजूने ६२ मते पडली, विरोधात ३४७. पराभव होणार हे कृपलानींना ठाऊक होते, पोटनिवडणुकीतून नुकतेच लोकसभेत आलेल्या राममनोहर लोहियांनाही ठाऊक होते. त्याच चर्चेत लोहियांनी देशातील सत्तावीस कोटी माणसे रोजच्या तीन आण्यांवर जगतात, हा हिशेब मांडला. त्या तीन आण्यांवरून पुढे देशभर वाद माजला, सरकारला आकडे काढावे लागले, नियोजन मंडळाच्या आकड्यांची चिकित्सा झाली. भाषण होते, त्याच्यामागे अभ्यास होता, आणि शेवटी ६२ जणांनी उभे राहून मत दिले.

आता २० जुलै २०१८ चा ठराव पाहा. या वेळी १२६ विरुद्ध ३२५ अशी विभागणी झाली. मते नोंदली गेली, हे चांगलेच. पण त्या दिवसाची आठवण काढली तर लोकांना १२६ हा आकडा आठवत नाही. राहुल गांधींनी पंतप्रधानांना मारलेली मिठी आणि नंतर मिचकावलेला डोळा आठवतो, कारण तेवढाच तुकडा कापून घरोघर पोचविला गेला. राफेलच्या खरेदीवर त्यांनी त्या भाषणात जे प्रश्न विचारले होते, ते मिठीखाली दबले. ऑगस्ट २०२३ मध्ये तर याच्याही पुढचे पाऊल पडले. मणिपूर जळत होते. त्यावर पंतप्रधानांना बोलते करण्यासाठी काँग्रेसचे गौरव गोगोई यांनी अविश्वासाचा ठराव मांडला. तीन दिवस चर्चा झाली, आणि १० ऑगस्टला पंतप्रधान उत्तर देत असताना विरोधक उठून बाहेर गेले. ठराव आवाजी मतदानाने फेटाळला गेला. ज्यांनी ठराव आणला, त्यांचेच एकही मत त्याच्या बाजूने नोंदले गेले नाही. पंतप्रधान दीड तास मणिपूरविषयी बोलले नाहीत, हा सभात्यागामागचा संताप समजण्यासारखा होता. पण सरकारवर विश्वास नाही असे म्हणणाऱ्या प्रत्येक खासदाराचे नाव मणिपूरच्या छावण्यांतील माणसांसाठी कागदावर राहावयास हवे होते, आणि त्यासाठी आणखी तासभर बसण्याचा संयम पुरेसा होता.

समाजमाध्यमांना सरसकट दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. एके काळी नाथ पै किंवा मधु लिमये लोकसभेत तासभर बोलत आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या वृत्तपत्रात त्याच्या चार ओळी येत. संपूर्ण भाषण वाचावयाचे तर कार्यकर्त्याला पक्षाच्या साप्ताहिकाची वाट पाहावी लागे. आज धडगावचा किंवा देवरुखचा कार्यकर्ता खासदाराचे भाषण त्याच संध्याकाळी स्वतःच्या कानांनी ऐकू शकतो. बड्या वाहिन्या विरोधी पक्षाला वेळ देत नाहीत, दिला तर हेटाळणीसाठी देतात, अशा काळात हे साधन हाती आहे हे उपकारच म्हणावयाचे. जून २०१९ मध्ये तृणमूलच्या महुआ मोइत्रा यांचे लोकसभेतील पहिले भाषण देशभर ऐकले गेले, ते याच साधनामुळे. ऐकण्यासारखे भाषण अधिक लोकांनी ऐकले, यात वाईट काय?

वाईट गोष्ट पुढे घडते. साधन हळूहळू कामाचे स्वरूपच बदलून टाकते. भाषण सभागृहासाठी न राहता दीड मिनिटाच्या तुकड्यासाठी होऊ लागते. मंत्र्याला खिंडीत पकडणारा उपप्रश्न तुकड्यात नीट बसत नाही. टोमणा बसतो, शेर बसतो, फडकावलेला कागद बसतो. कलमवार दुरुस्त्या सुचविण्याचे, रात्री विधेयक वाचण्याचे, समितीत तीन-तीन तास बसून एका शब्दासाठी अडून राहण्याचे काम कॅमेऱ्यात येत नाही. संसदेच्या समित्यांच्या बैठकी तर बंद दाराआडच होतात. परिणामी जे दिसते ते वाढत जाते आणि जे दिसत नाही ते आटत जाते.

डिसेंबर २०२३ चा तो आठवडा या दृष्टीने आठवण्यासारखा आहे. संसदेच्या सुरक्षेतील ढिलाईबद्दल गृहमंत्र्यांनी निवेदन करावे, एवढीच मागणी करणाऱ्या विरोधी खासदारांना तुकड्यातुकड्यांनी निलंबित केले गेले. अधिवेशनाअखेर ती संख्या १४६ झाली. इतके खासदार बाहेर काढून कायदे करणे हा संसदीय लोकशाहीवरील उघड आघात होता आणि त्याची जबाबदारी सर्वस्वी सरकारची आहे. पण १९ डिसेंबरला बाहेर पायऱ्यांवर काय चालले होते? तृणमूलचे एक खासदार राज्यसभेच्या सभापतींची नक्कल करीत होते आणि राहुल गांधी ती आपल्या भ्रमणध्वनीवर टिपत होते. पुढचे दोन दिवस देशात चर्चा झाली ती नकलेची. त्याच दोन दिवसांत लोकसभेने व राज्यसभेने भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी येणारी तीन विधेयके आवाजी मतदानाने संमत केली. या देशातील प्रत्येक माणसाच्या अटकेची, जामिनाची, खटल्याची रीत ठरविणारे हे कायदे. सभागृहात जाता येत नव्हते, मान्य. पण त्या पायऱ्यांवर बसून प्रत्येक कलमाची चिरफाड करणारी समांतर संसद भरविता आली असती. कॅमेरे तेथे हजर होतेच. सत्ताधाऱ्यांना आयती सापडली ती नक्कल, आणि तिचा त्यांनी पुरेपूर उपयोग करून घेतला.

तरीही नोंदीची टाळाटाळ केवळ हौसेपोटी होते, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. तिच्या मुळाशी भीती आहे. जुलै २०१९ मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या अधिकारांत वाढ करणारे विधेयक लोकसभेत आले. असदुद्दीन ओवैसी यांनी विभागणी मागितली. गृहमंत्री अमित शहा यांनी या मागणीला आनंदाने दुजोरा दिला. दहशतवादाच्या बाजूने कोण आणि विरुद्ध कोण, हे देशाला कळू द्या, असा त्यांचा रोख होता. विधेयकाच्या बाजूने २७८ मते पडली, विरोधात सहा. त्याच महिन्यात बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याची दुरुस्ती लोकसभेत २८७ विरुद्ध ८ मतांनी संमत झाली. संघटनेबरोबर आता एकट्यादुकट्या व्यक्तीलाही दहशतवादी घोषित करण्याचा अधिकार या दुरुस्तीने सरकारला दिला. २ ऑगस्टला ती राज्यसभेत आली. विधेयक प्रवर समितीकडे पाठवा, या मागणीला ८५ मते मिळाली. ती फेटाळली गेल्यावर विधेयकाला थेट विरोध करण्याची वेळ आली, तेव्हा ८५ चे ४२ झाले. पी. चिदंबरम यांनी त्या कलमाविरुद्ध भाषण केले होते. त्यांच्या पक्षाने मत मात्र विधेयकाच्या बाजूने दिले. भाषण आणि मत यांच्यातील हे अंतर आज ठामपणे सांगता येते, कारण त्या दिवशी विभागणी झाली.

अंतर कोठे पडते हे यावरून दिसते. विरोधी नेत्याला समाजमाध्यमावर आपला पाठीराखा समोर दिसतो. त्याला खूष करावयाचे असते. मतपत्रावर मात्र विरोधक दिसतो, पुढच्या निवडणुकीतील फलक दिसतो, 'देशद्रोही' हा शिक्का दिसतो. म्हणून एकीकडे गर्जना आणि दुसरीकडे सभात्याग. नागरिकत्व कायद्याच्या वेळी शिवसेनेने तर दोन दिवसांत दोन्ही करून दाखविले. डिसेंबर २०१९ च्या ९ तारखेला लोकसभेत विधेयकाच्या बाजूने मतदान, ११ तारखेला राज्यसभेत सभात्याग. मधल्या काळात मुंबईत काँग्रेस व राष्ट्रवादीबरोबरच्या नव्या सरकारची गरज आठवली असावी. राज्यसभेत विधेयक १२५ विरुद्ध १०५ असे संमत झाले. इतक्या थोड्या अंतराने संमत झालेल्या कायद्यात अनुपस्थित सदस्याची अनुपस्थिती हेही एक मतच होते.

पक्षादेशाचे कारण येथे पुढे केले जाईल. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून पक्षादेशाविरुद्ध मत दिले, किंवा मतदानाला गैरहजर राहिले, तरी सदस्यत्व जाऊ शकते. किरकोळ पक्षांतराला बंदी आणि घाऊक पक्षांतराला मोकळीक, अशी या कायद्याची संभावना मधु लिमये यांनी तेव्हाच केली होती. महाराष्ट्राने २०२२ आणि २०२३ मध्ये घाऊक व्यवहार कसा चालतो ते पाहिले. विधेयकांवरही पक्षादेश लादण्याची ही पद्धत प्रतिनिधीला हात वर करणारे यंत्र बनविते, यात शंका नाही. पण त्यामुळे पक्षाची जबाबदारी उलट वाढते. मत सदस्याचे नसून पक्षाचे असेल, तर त्याचा जाब पक्षाला विचारला पाहिजे. शिवाय आदेशाने अडत नाहीत अशा कितीतरी गोष्टी उरतात. समितीच्या अहवालाला असहमतीची टिपणी जोडू नका, असा आदेश कोण देतो? विभागणी मागू नका, असे कोण सांगते? चर्चेच्या दिवशी सभागृहात हजर राहा, यासाठी कोणाची परवानगी लागते? १९७६ मध्ये लोकसभेची मुदत पाच वर्षांपलीकडे वाढविली गेली, तेव्हा मधु लिमये आणि शरद यादव यांनी आपल्या जागांचे राजीनामे दिले. मतदारांनी पाच वर्षांसाठी पाठविले होते, सहाव्या वर्षाचा अधिकार कोणी दिला नव्हता, एवढाच साधा हिशेब त्यामागे होता.

आमदार-खासदारांच्या कामगिरीचे मोजमाप आज होते तरी कशाने? उपस्थिती किती, प्रश्न किती, चर्चेतील सहभाग किती, खासगी विधेयके किती. महाराष्ट्रातील खासदारांनी अनेकदा मिळविलेल्या 'संसदरत्न' पुरस्काराचे निकषही असेच मोजणीचे आहेत. मत काय दिले, याचा रकानाच नाही. शंभर प्रश्न विचारणारा खासदार नेमक्या दिवशी सभागृहाबाहेर असला तरी रत्न ठरतो. पक्षांची स्वतःची फूटपट्टी तर याहूनही उथळ आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये मध्य प्रदेश काँग्रेस समितीने पत्रक काढले होते, की विधानसभेची उमेदवारी मागणाऱ्याच्या फेसबुक पानाला १५,००० पसंत्या आणि ट्विटरवर ५,००० अनुयायी असले पाहिजेत. ते पत्रक थोड्याच दिवसांत मागे घेतले गेले, पण जी गोष्ट त्यात लिहून टाकली होती ती बहुतेक पक्ष न लिहिता पाळतात.

तेव्हा सुरुवात कार्यकर्त्यांनीच करावयाची आहे. प्रत्येक अधिवेशन संपल्यावर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या बैठकीला आमदार येतो. त्याचा सत्कार होतो, त्याच्या भाषणाचा तुकडा पडद्यावर दाखविला जातो. त्या बैठकीत कोणीतरी हातात अधिवेशनातील विधेयकांची यादी घेऊन उभे राहावे आणि एकेक नाव वाचून विचारावे: या दिवशी आपण सभागृहात होता काय? विभागणी मागितली काय? मागितली नसेल तर का? समितीत होता तर असहमती लिहून दिली काय? उत्तर बैठकीच्या इतिवृत्तात घालावे, मग ते कितीही अडचणीचे असो. जनसुरक्षा विधेयकाविरुद्ध ज्या बारा हजारांहून अधिक सूचना-हरकती समितीच्या दफ्तरात पडून आहेत, त्यांच्याखाली सह्या करणाऱ्यांनी आपले नाव व पत्ता लिहिला होता. कायदा लागू झाल्यावर पोलिसांना ती यादी शोधावीही लागणार नाही, हे माहीत असून लिहिला होता.